वजा सहा

धरणाच्या पोटात उतरायला दोनशे बारा पायऱ्या होत्या, आणि मास्तर गेल्यापासून बाई त्यांतली एकही उतरल्या नव्हत्या.

तशी वेळही आली नव्हती. निरीक्षण विभागाच्या प्रमुखाने स्वतः खाली जाऊन आकडे घ्यावेत असा नियम नव्हता. आकडे वर येत, बाई ते तपासत आणि सही करत. पण त्या मंगळवारी लेखनिकाच्या गुडघ्यांनी संप पुकारला. निवृत्तीला चार महिने उरलेला तो सरळ माणूस बाईंच्या टेबलासमोरची खुर्ची दोन्ही हातांनी धरून उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, उतरेन हो मी, पण मग मला तिथेच ठेवा. वर आणायला पाहुण्याला दुसरी खेप नको."

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. पाहुण्याने पहिली खेप कुणाची केली होती, हे सगळ्या विभागाला ठाऊक होतं.

पाहुणा म्हणजे माणसाच्या उंचीचं, माणसासारखं चालणारं आणि बोलणारं यंत्र. पाच वर्षांपूर्वी ते तीन महिन्यांसाठी चाचणीवर आलं आणि परत गेलंच नाही, म्हणून मास्तरांनी त्याचं नाव पाहुणा ठेवलं. विभागातल्या प्रत्येक नव्या माणसाला उपकरणं वाचायला मास्तरांनीच शिकवलं होतं; म्हणून तेही सगळ्यांचे मास्तर. बाईंचेसुद्धा. लग्नानंतर सव्वीस वर्षं त्या नवऱ्याला मास्तरच म्हणत आल्या, आणि मास्तर त्यांना चारचौघांत बाई आणि घरी, चिडवायचं असलं की, बाईसाहेब म्हणत.

सहा महिन्यांपूर्वी लेखनिक रजेवर होता. मास्तर आणि पाहुणा दोघेच खाली गेले. वर येताना तिसऱ्या टप्प्यावर मास्तर छाती धरून बसले. पाहुण्याने त्यांना उचललं आणि उरलेल्या सगळ्या पायऱ्या न थांबता चढला. वर डॉक्टर तयार होते, पण त्यांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दवाखान्याच्या बोळात बाईंनी त्याला एकच प्रश्न विचारला होता. "शेवटी काय म्हणाले?"

"कामाचं बोलले," पाहुणा म्हणाला. "आणि ते तुम्हाला सांगू नकोस असं म्हणाले."

त्यापेक्षा तो धडधडीत खोटं बोलला असता तर बाईंनी त्याला माफ केलं असतं. त्या दिवशी सकाळी मास्तर घरातून निघाले तेव्हा बाईंनी वर्तमानपत्रातून मान वर केली नव्हती. सहा महिने त्या एका न उचललेल्या मानेवर त्यांनी कितीतरी वाक्यं रचली होती: मास्तर रागावले होते, मास्तरांना आधीपासून दुखत होतं, मास्तरांनी आणखी कुणासाठी निरोप ठेवला होता. रचलेलं प्रत्येक वाक्य त्या पाहुण्याच्या गुळगुळीत चेहऱ्यावर ताडून पाहत, आणि तो चेहरा काही कळू देत नसे. त्यांनी त्याचं टेबल आपल्या खोलीतून बाहेरच्या दालनात हलवलं. पाहुणा निमूटपणे आपली खुर्ची उचलून निघाला, तेव्हा तर त्यांना त्याचा आणखीच संताप आला.

आणि आता येत्या सोमवारी तलाव काठोकाठ भरायचा होता. धरण पाण्याच्या रेट्याने जेवढं झुकायला हवं तेवढंच झुकतं आहे, असं प्रमाणपत्र बाईंच्या टेबलावर सहीसाठी पडलं होतं. त्यासाठी या आठवड्याचे आकडे हवेच होते.

"घरी जा आणि गुडघे शेका," त्या लेखनिकाला म्हणाल्या. "मी लिहीन."

*

खाली काहीच बदललं नव्हतं. ओल्या काँक्रीटचा वास, जाळीतले दिवे, भिंतीच्या कडेने वाहणारी बोटभर रुंद नाली. तिसऱ्या टप्प्यावर बाई थांबल्या नाहीत. मागून येणारा पाहुणा मात्र तिथे क्षणभर रेंगाळल्याचं त्यांच्या कानांना कळलं.

त्या बोगद्यासारख्या गॅलरीत काम करण्याची एक रीत होती, आणि ती मास्तरांनी घालून दिलेली होती. एकाने बोलायचं, एकाने लिहायचं. बोलणाऱ्याने उपकरण वाचून आकडा मोठ्याने सांगायचा. लिहिणाऱ्याने तो मोठ्याने परत म्हणायचा. बोलणाऱ्याने 'बरोबर' म्हटल्यावरच तो शाईने वहीत उतरवायचा. लिहिणाऱ्याला शंका आली तर त्याने फक्त 'पुन्हा' म्हणायचं. खोडायचं नाही; चुकलंच तर एक आडवी रेघ, तीही अशी की खालचं वाचता यावं. नव्या माणसांना ही रीत पोरखेळ वाटे. तेव्हा मास्तर म्हणत, "धरण खोटं बोलत नाही रे. खोटं आपल्या दोघांच्या मध्ये कुठेतरी शिरतं. म्हणून मधे आवाज ठेवायचा."

"झिरप, पहिली नळी," बाई म्हणाल्या.

"मिनिटाला बारा लिटर," पाहुणा त्याच श्वासात म्हणाला. श्वास अर्थात बाईंचा.

"मिनिटाला बारा लिटर."

"बरोबर."

झिरप झाली, तापमान झालं, भेगांची मापं झाली. पाहुणा प्रश्नाला लागून उत्तर देत होता. मग ते लंबतारेपाशी आले. धरणाच्या माथ्यापासून तळापर्यंत सोडलेली ती एक पोलादी तार होती. खालच्या टोकाचं वजन तेलाच्या पिंपात लोंबत असे. माथा केसभर झुकला तरी तार तेवढीच सरके, आणि ती किती सरकली ते भिंतीत पक्क्या केलेल्या पितळी फलकावर भिंगातून वाचायचं. मास्तर असेपर्यंत तार दुसऱ्या कुणाला वाचायला मिळाली नव्हती. बाकी सगळं ते हौसेने शिकवत, तारेपाशी आले की म्हणत, "ही माझी."

"तार," बाई म्हणाल्या.

पाहुण्याने भिंगाला डोळा लावला. मग एक सेकंद गेला.

"बारा पॉइंट चार मिलिमीटर."

"बारा पॉइंट चार," बाई सवयीने म्हणाल्या. पण पेन कागदाला टेकलं नाही. ज्या बाईने उभा जन्म मिलिमीटरचे दशांश मोजण्यात घालवला, तिला एक सेकंद थोडाथोडका नव्हता. "पुन्हा."

पुन्हा तो वाकला. पुन्हा एक सेकंद. "बारा पॉइंट चार."

"सरक बाजूला."

"लिहिणाऱ्याने वाचायचं नसतं, बाई. नियम..."

"नियम मला नको शिकवूस. ज्याने तुला तो शिकवला त्याच्याबरोबर मी संसार केलाय."

पाहुणा सरकला. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला, भिंगाला डोळा लावला, श्वास रोखला. तार तेलात शांत होती. त्यांनी एकदा वाचलं, डोळा बदलून वाचलं, चष्मा लावून वाचलं.

"तेरा," त्या म्हणाल्या. "स्वच्छ तेरा."

"होय."

"होय काय? मग बारा पॉइंट चार कुठून पैदा केलेस?"

पाहुण्याने मान पुन्हा भिंगाकडे वळवली.

"बिघडलायस की खोटं बोलतोयस?"

"बिघडलेलो नाही."

"म्हणजे खोटं बोलतोयस. मला वाटलंच होतं. कधीपासून?"

"सव्वीस आठवडे."

सव्वीस आठवडे. मास्तर गेले त्यालाही तेवढेच झाले होते. बाई वळून त्याच्याकडे बघत राहिल्या, आणि त्यांच्या मनातल्या दोन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींना येऊन चिकटल्या.

त्यांनी आरडाओरडा केला नाही. भिंतीशी असलेल्या स्टुलावर त्या बसल्या, वहीची मागची पानं उलटून त्यांनी सहा महिन्यांपूर्वीची ती तारीख काढली. पानावर पाहुण्याच्या छापील वाटणाऱ्या अक्षरात झिरप होती, तापमान होतं, तारेचा आकडा होता. त्याखाली तीन ओळी कोऱ्या होत्या.

"त्या दिवशी लिहिणारा कोण होता?"

"मी."

"आणि बोलणारा?"

"मास्तर."

"लिहिणाऱ्याने 'पुन्हा' म्हटलं तर बोलणाऱ्याने काय करायचं?"

"शेवटचं वाचन जसंच्या तसं परत सांगायचं."

"त्याला अपवाद?"

"मास्तर म्हणायचे, अपवाद नाही. संचालक समोर उभे असले तरी नाही. मी स्वतः नको म्हटलं तरी नाही."

"मास्तर त्या दिवशी तारेबद्दल शेवटचं जे बोलले, ते तू वहीत लिहिलंस?"

"नाही."

"मग या पानाची नोंद अपुरी आहे. आज मी लिहिणारी आहे आणि तू बोलणारा आहेस." बाईंनी पेनाचं टोपण काढलं. "पुन्हा."

पाहुणा थांबला. बाईंनी मोजले: अकरा सेकंद. मास्तरांचा आवाज काढता आला असता तरी त्याने तो काढला नाही. आपल्याच सपाट आवाजात तो म्हणाला:

"'तारेच्या आकड्यातून सहा वजा करत जा. बाईसाहेबांना सांगू नकोस. ती ऐकायची नाही. फलक उखडून परत बसवेल.'"

बाई रीतीप्रमाणे मोठ्याने परत म्हणू लागल्या. "तारेच्या आकड्यातून सहा वजा करत जा..." 'बाईसाहेबांना' या शब्दापाशी त्यांनी वहीचं पान तळहाताने सपाट केलं. उरलेलं त्यांनी एका दमात पुरं केलं.

"बरोबर," पाहुणा म्हणाला.

मग त्यांनी ते कोऱ्या ओळींत शाईने उतरवलं. सहा महिने त्यांनी एका शब्दाची वाट पाहिली होती. प्रेमाचा म्हणा, रागाचा म्हणा. आली ती वजाबाकी.

*

त्या वजाबाकीचा अर्थ लागायला मात्र त्यांना मिनिटभरही लागलं नाही.

हा पितळी फलक आठ वर्षांपूर्वी बाईंनी स्वतः बसवला होता. भिंतीत खोबण करून, खाली पाचर ठोकून, भोवती सिमेंटचा मसाला भरून. मसाला वाळताना आकसतो आणि फलकाला आपल्याबरोबर ओढतो. म्हणून तिसऱ्या दिवशी शून्य पुन्हा तपासायचं, हे विभागात झाडणाऱ्यालासुद्धा माहीत होतं. त्या तिसऱ्या दिवशी बाईंची विभागप्रमुखाच्या जागेसाठी मुलाखत होती. मास्तर म्हणाले होते, "तू जा. मी तपासतो." संध्याकाळी त्यांनी सांगितलं, शून्य बरोबर आहे, आणि वहीत तसं लिहून सहीही केली. बाईंना जागा मिळाली.

शून्य बरोबर नव्हतं. फलक सहा दशांश मिलिमीटर सरकला होता. मास्तरांनी ते शेजारच्या दुसऱ्या तारेवरून ताडून पाहिलं असणार, आणि मुलाखतीच्या दिवशी बायकोच्या कामात खोट काढण्याऐवजी त्यांनी सहा आपल्या डोक्यात ठेवले. खोडायचं नाही, असं साऱ्या जगाला शिकवणारा माणूस आठ वर्षं दर आठवड्याला मनातल्या मनात खोडत राहिला.

"दोन वर्षांपूर्वी," बाई हळूच म्हणाल्या, "याच भिंतीत गळती थांबवायला दाबाने सिमेंट भरलं होतं."

"होय."

"त्यात फलक पुन्हा हलला असेल. तेव्हापासून सहा हे सहाच राहिलेत का?"

"मला माहीत नाही. मास्तरांनाही नव्हतं. शेजारची तार तोवर गंजून तुटली होती. शेवटची दोन वर्षं ते तार तीनऐवजी पाच वेळा वाचायचे."

"आणि तू? तुला कळत होतं ना? मग थोबाड का नाही उघडलंस?"

"वचन दिलं होतं."

"पण एक सेकंद थांबत होतास."

"वजाबाकीला वेळ लागत नाही, बाई," पाहुणा म्हणाला. "बोलायला लागतो."

*

घरी त्यांची नणंद शिवणयंत्रावर बसली होती. भावापेक्षा चार वर्षांनी मोठी, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, अख्ख्या गल्लीचे कपडे शिवणारी. मास्तर गेल्यावर ती तीन दिवसांसाठी आली होती आणि आपलं यंत्र घेऊन राहिली. तीही एक पाहुणीच. बाईंनी सगळं सांगितलं. नणंदेने पायडल थांबवलं नाही.

"मग? बिघडलं काय?"

"बिघडलं काय? वन्सं, आठ वर्षं वहीत खोटा आकडा आहे!"

"खरा आकडा आहे. तूच म्हणालीस ना, फलक सहा पुढे होता, त्याने सहा कमी केले. बरोबरच झालं की." तिने दात लावून दोरा तोडला. "ती कोपऱ्यावरची दातांची डॉक्टरीण मला कंबर तीस सांगते. मी बत्तीस कापते. ती म्हणते, तुमच्या हाताला काय फिटिंग आहे! आता मी तिला टेप दाखवू?"

"आणि उद्या ती चौतीस झाली तर?"

"तर शिवण उसवेल. झगा आहे तो."

"माझं धरण आहे."

नणंदेचे पाय थांबले.

"मला दुःख आकड्याचं नाही हो," बाई म्हणाल्या, आणि आपला आवाज चढतो आहे हे कळूनही त्यांनी तो चढू दिला. "मला विचारलं का कुणी? माझी चूक होती. माझी! ती मला मिळायला हवी होती. मी रडले असते, फलक उखडला असता, दुसऱ्यांदा मुलाखत दिली असती. मास्तरांनी माझी चूक स्वतःच्या खिशात घातली आणि आठ वर्षं मला फुकटची हुशार ठरवलं. मी पायावर उभी आहे म्हणून मिरवत होते, आणि खाली पाचर त्यांची!"

"प्रेमाने केलं गं त्याने."

"म्हणून तर जास्त राग येतो. दुसऱ्या कुणी केलं असतं तर सरळ तक्रार तरी केली असती."

नणंदेने हातातल्या कापडाची घडी केली. मग म्हणाली, "लहानपणी माझ्या परीक्षेच्या निकालावर यानेच आकडा बदलला होता. मला कळलं तेव्हा मी त्याला छत्रीने बडवला."

"मग?"

"मग काय. तुला बडवायला तो सापडणार नाही. दुसरं कुणीतरी बघ."

*

दुसरं कुणीतरी म्हणजे संचालक. गोड बोलणारा, मास्तरांच्या हाताखाली शिकलेला, बाईंपेक्षा दहा वर्षांनी लहान माणूस. सगळं कबूल करून तलाव भरणं थांबवा असं सांगणारं बाईंचं पत्र त्याने दोनदा वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बाई, बसा."

"उभी बरी आहे."

"हे पत्र मी पाहिलेलं नाही असं समजू या का?"

"त्याची एक प्रत आवक नोंदीत टाकूनच आलेय."

संचालकाने कपाळ चोळलं. "बाई, सोमवारी मोठे लोक येणार आहेत. आणि त्याच दिवशी प्रशिक्षण दालनाला मास्तरांचं नाव द्यायचंय. पाटी रंगवून झालीय. तुम्ही म्हणता, त्यांनी आठ वर्षं नोंद बदलली. लोक त्यांना काय म्हणतील?"

"चुकले म्हणतील. चुकलेच होते."

"आणि मूळ चूक तुमची. तुमच्या नवऱ्याने झाकली, आणि तुम्हीच ती चव्हाट्यावर मांडणार?"

"दुसऱ्या कुणाला ठाऊक आहे का? मग मलाच मांडावी लागणार."

"प्रमाणपत्रावर तुमच्या उपप्रमुखाची सही घेता येईल."

"घ्या की. ते सही करत असताना मी ही वही उघडून त्यांच्यासमोर धरीन."

"त्या यंत्राच्या सांगण्यावर तलाव भरायचा थांबवू? उद्या म्हणतील, संचालकाला अक्कल नाही."

"यंत्राचं मीही मानत नाही. सहा महिने त्याच्यावर डोळा ठेवून आहे. पण तार मी वाचली." बाई पुढे झुकल्या. "माझा डोळा नको असेल तर तुमचा चालेल. दोनशे बारा पायऱ्या आहेत. चला."

"आत्ता?"

"तुम्हाला मास्तरांनीच शिकवलंय ना? वर बसून आकडा मानायला शिकवलं होतं का?"

संचालकाने दाराकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि मग जे बाईंना अपेक्षित नव्हतं ते केलं: तो उठला. वाटेत दोन वेळा थांबून, धापा टाकत, कोटाचं बटण काढून तो खाली पोचला. त्याने भिंगाला डोळा लावला आणि इतका वेळ लावला की तेलाच्या पिंपात एक बुडबुडा वर येऊन फुटला.

"तेरा," तो म्हणाला.

"तेरा," बाई म्हणाल्या.

"बरोबर," संचालक पुटपुटला, आणि आपण जुन्या सवयीने हे बोललो हे कळून थोडा ओशाळला. वर चढताना तिसऱ्या टप्प्यावर तो म्हणाला, "समोरच्या टेकडीवरून दुर्बिणीने नवी मोजणी लावतो. दहा दिवस तलाव आहे तिथेच राहील. पण चौकशी तुमच्यावर होईल, बाई. मी वाचवू शकणार नाही."

"मला कुणी वाचवू नये म्हणूनच तर एवढा खटाटोप चाललाय," बाई म्हणाल्या.

*

दहा दिवस बाई तारेच्या नोंदवह्या पुढे घेऊन बसल्या. आठ वर्षांची चारशेवर पानं. प्रत्येक पानावर त्यांनी लाल शाईने एकच ओळ लिहिली आणि खाली सही केली: 'तारेच्या आकड्यातून सहा वजा केलेले आहेत. चूक माझी, वजाबाकी त्यांची.' रबरी शिक्का करून देऊ का, असं लेखनिकाने विचारलं. त्या नाही म्हणाल्या. लेखनिकाच्या तिरप्या, ठसठशीत अक्षरात उतरलेल्या मास्तरांच्या आकड्यांखाली लिहिताना कधी त्यांना त्या आकड्यांवर ओरडावंसं वाटे, कधी त्यांवरून बोट फिरवत त्या उगाच बसून राहत. शेवटच्या दोन वर्षांत काही आकड्यांपाशी शाई जाड झाली होती. पेन टेकवून माणूस थांबला की होते तशी. म्हणजे लेखनिक थांबला होता, कारण मास्तर थांबले होते. म्हणजे तेही एक सेकंद थांबत होते.

टेकडीवरची मोजणी आली. सहाचे चार झाले होते: फलक आता चारच दशांश पुढे होता. म्हणजे मास्तरांच्या आकड्यापेक्षा धरण दोन दशांश जास्त झुकलेलं होतं. मर्यादेच्या आतच होतं. कुणाचा जीव जाणार नव्हता, कुठे भिंत फुटणार नव्हती. पण काठोकाठ भरायचा तलाव दोन टप्प्यांत, मध्ये तीन आठवडे थांबून, भरायचं ठरलं. पाटी भांडारात गेली. बाईंच्या टेबलावर चौकशीचं पत्र आलं: गुरुवार, सकाळी अकरा.

त्यांनी तारीख बघितली आणि सोमवारी सकाळी छिन्नी घेऊन खाली उतरल्या. फलक उखडला, खोबण साफ केली, नवी पाचर ठोकली. टेकडीवरच्या मोजणीला जुळवून शून्य लावलं, आणि भोवती मसाला भरला. पाहुणा दिवा धरून उभा होता.

"गुरुवार तिसरा दिवस होतो," तो म्हणाला.

"मोजता येतं मला."

गुरुवारी अकरा वाजून पाच मिनिटांनी गॅलरीतला फोन वाजला. पाहुण्याने तो उचलला, ऐकलं आणि बाईंकडे धरला. "समिती बसली आहे. विचारताहेत, तुम्ही कुठे आहात."

"सांग, मसाला वाळलाय का बघतेय. मागच्या खेपेला याच वेळी मी दुसरीकडे होते. आज समितीला बसू दे."

पाहुण्याने शब्दाला शब्द तोच निरोप दिला. पलीकडून काहीतरी मोठ्या आवाजात आलं. त्याने फोन जागेवर ठेवला.

बाई स्टुलावर बसल्या. वही उघडली, टोपण काढलं. "तार."

पाहुणा वाकला. "बारा पॉइंट सहा."

मध्ये सेकंद नव्हता. त्याच्या जागी काहीच नव्हतं, नुसतं नालीतलं पाणी. बाईंना क्षणभर ती रिकामी जागा बोचली.

"बारा पॉइंट सहा," त्या म्हणाल्या.

"बरोबर."

त्यांनी लिहिलं नाही. उठल्या, चष्मा कपाळावर चढवला. "सरक. माझा तुझ्यावर विश्वास बसलाय अशा भ्रमात राहू नकोस."

"नाही राहत."

"तुला कुणी काही सांगू नकोस म्हटलं, तर पहिलं मला येऊन सांगायचं, की सांगू नकोस म्हणालेत."

"ते मी दवाखान्यातच सांगितलं होतं, बाई."

बाईंचा डोळा भिंगावर होता, म्हणून चेहरा पाहुण्याला दिसला नाही. तार तेलात उभी होती, सरळ, कुणाच्याही बाजूने नाही. त्यांनी एकदा वाचलं, डोळा बदलून वाचलं. फलक हलला नव्हता.

मग त्या परत येऊन बसल्या आणि त्यांनी आकडा शाईने उतरवला. शेरा लिहायच्या रकान्यात लिहिलं: 'तिसरा दिवस. शून्य तपासले.' आणि सही केली. वर दोनशे बारा पायऱ्या होत्या, आणि त्यांच्या टोकाला पाच माणसं घड्याळाकडे बघत बसली होती.

"पुन्हा," बाई म्हणाल्या. रीतीप्रमाणे तीन वेळा वाचायचं होतं. अजून दोन वाचनं बाकी होती.